ऊन, एसटी आणि लॅपटॉप

गाडीत बसून काम करणं आपल्या बायकांना काही नवं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांच्या गोष्टी आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. आमच्या पंढरपूर-सोलापूर एसटीतही कुणी क्रोशाचा रुमाल विणत असतं, कुणी बाई चौथीच्या पोरांचे पेपर तपासत असतात. कुणी आपली वाती वळत बसलेली असते. हात रिकामा ठेवायचा नाही, हे आपल्याला बाळकडूबरोबरच पाजलेलं. आता या मांड्यांवर लॅपटॉपही दिसायला लागलाय.

पण मटार कितीही उन्हात सोलायला घेतला तरी तो दिसेनासा होत नाही. लॅपटॉप होतो! घरात लखलखीत दिसणारी स्क्रीन एसटीच्या खिडकीशी उघडली की आरसा होते. हिशेबाच्या जागी आपलंच तोंड, कपाळावरची टिकली आणि मागच्या सीटवरच्या काकांची टोपी. मग आपण मान वाकडी करतो, डोळे बारीक करतो, पदराचा आडोसा करतो आणि सोलापूर येईपर्यंत डोकं धरतं.

मी बचतगटांच्या हिशेबाचं काम करते. आठवड्यातले काही दिवस सोलापूरचं कार्यालय आणि बाकीचे दिवस तालुक्यातली गावं. कधी एसटी, कधी वडाप, कधी कार्यालयाची जीप. पंढरपूरहून सोलापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, एसटीने जायला दोन तास आणि यायला दोन तास धरायचे. म्हणजे दिवसाचे चार तास चाकावर. त्यातला तास-दीड तास जरी धड काम झालं तरी संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडावा लागत नाही. लेकीच्या अभ्यासाला बसता येतं, किंवा नुसतं ओट्याला टेकून चहा पिता येतो. ज्यांच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक वाट बघत असतो, त्यांना या तासाची किंमत मी काय सांगावी!

म्हणूनच हा उन्हाचा प्रश्न मी गंभीरपणे घेतला. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

उन्हातली पणती

आधी हे होतं कशामुळे, ते पाहू. वहीचा कागद स्वतः उजेड देत नाही. तो बाहेरचा उजेड घेतो आणि आपल्याकडे परत पाठवतो. ऊन वाढलं की कागद आणखी उजळतो. लॅपटॉपच्या स्क्रीनचं उलट आहे. तिच्या मागे दिव्यांचा पट्टा असतो, त्यांचा उजेड स्क्रीनमधून गाळून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे स्क्रीन ही पणती. देवघरात ती छान दिसते, पण भर दुपारी अंगणात ठेवली तर पेटलीय की विझलीय, हे वाकून बघावं लागतं.

आता थोडे आकडे. कंटाळू नका, हे आकडे पुढे दुकानात कामाला येतील. घरातल्या किंवा ऑफिसातल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर उन्हात तोच एक लाख लक्सच्या घरात जातो. म्हणजे दोनशे-तीनशे पट! आपला डोळा इतका हुशार की त्याला हा फरक तेवढा जाणवत नाही. स्क्रीनला मात्र जाणवतो.

स्क्रीनचा उजेड ‘निट’ या मापात मोजतात. एक चौरस मीटर जागेतून साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड आपल्या दिशेने यावा, तो एक निट. नेहमीच्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ३०० निटची असते, जरा बऱ्यातली ४०० ते ५०० ची. बांधकामावर, शेतात, लष्करात वापरायला जे दणकट लॅपटॉप बनवतात, त्यांची १,००० किंवा त्याहून जास्त. आणि उन्हात वाळत घातलेलं पांढरंशुभ्र धोतर? ते पंचवीस हजार निटच्या आसपास उजळलेलं असतं.

खरी गंमत इथेच आहे. चकचकीत काचेवर पडलेल्या उजेडातला साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तुम्ही पांढरा कुर्ता घालून उन्हात बसला असाल, तर त्या पंचवीस हजारांचे चार टक्के झाले हजार. तुमची स्क्रीन तीनशेची, आणि तिच्यात दिसणारा तुमचा कुर्ता हजाराचा. मग हिशेब दिसणार की कुर्ता?

म्हणून ब्राइटनेसचं बटण दाबत बसून उपयोग नाही. ते शेवटपर्यंत नेलं तरी तीनशेचे तीनशेच राहतात, वर बॅटरी भराभर उतरते. उन्हाशी बरोबरी करायला जायचंच नाही. ऊन स्क्रीनवर, आणि स्क्रीनसमोरच्या आपल्या अंगावर, पडू द्यायचं नाही. सगळ्या युक्त्यांचं सार एवढंच.

बाजू निवडा

वाळवणं घालणाऱ्या बाईला ऊन कुठून कुठे सरकतं हे कुणी शिकवावं लागत नाही. गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात अकरापर्यंत ऊन असतं आणि सांडगे कधी हलवायचे, हे आपल्याला पाठ असतं. तीच अक्कल एसटीत चढताना वापरायची.

उत्तर-दक्षिण रस्ता सोपा. सोलापूरहून तुळजापूरला सकाळी निघालात तर तोंड उत्तरेकडे, पूर्व उजव्या हाताला. म्हणून डावीकडे बसा. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेकडे, मावळतीचं ऊन पुन्हा उजव्या हाताला. म्हणून पुन्हा डावीकडेच.

आमचा पंढरपूर-सोलापूर रस्ता मात्र साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी येताना पुन्हा समोर. इथे ऋतू बघावा लागतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेची खिडकी धरायची. जाताना डावी, येताना उजवी. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या फेरीला बरोबर उलटं, दक्षिणेची खिडकी बरी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस तर सूर्य भर दुपारी आमच्या अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखालीच. त्या दिवसांत दुपारच्या बसमध्ये काम करणं सगळ्यात सोपं जातं, कारण छपराचीच सावली मिळते. उकाडा सोसवला तर! छळतं ते सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन. ते खिडकीतून थेट मांडीवर येतं.

आणि खिडकीचा हट्ट सोडा. तीनच्या बाकावर आतली जागा कामाला बरी. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून गाडीत बायकांची वर्दळ वाढलीय, हवी ती जागा मिळतेच असं नाही. नाही मिळाली तर एक साधा नियम: स्क्रीनची पाठ उन्हाकडे करायची. ऊन आपल्या पाठीमागून येत असेल तर ते सरळ स्क्रीनवर आदळतं, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

गडद ओढणी, काळं अस्तर

वरच्या हिशेबातून निघालेली सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे गडद कपडे. फिकट कुर्ता, पांढरी ओढणी, जरीचा काठ, हे सगळं स्क्रीनमध्ये उजळून दिसतं. गडद निळं, काळं, तपकिरी दिसत नाही. उन्हाळ्यात अंगभर गडद घालवत नाही, हे मान्य. मी पर्समध्ये एक काळी सुती ओढणी ठेवते. लॅपटॉप उघडला की ती पुढून घ्यायची, बंद केला की काढून ठेवायची. एवढ्यानं अर्धी अक्षरं परत येतात. विश्वास बसत नसेल तर घराच्या दारात उभं राहून करून बघा.

जुन्या काळी फोटोग्राफर तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यामागे डोक्यावर काळं कापड घेऊन उभे राहायचे, आठवतं? त्यांचीही हीच अडचण होती. कॅमेऱ्याच्या काचेवरचं चित्र बाहेरच्या उजेडात दिसत नसे. एसटीत तसं डोक्यावरून कापड घेतलं तर कंडक्टर विचारेल, ‘बाई, बरं वाटत नाही का?’ म्हणून मी लॅपटॉपलाच टोपी शिवली. कृती देते.

चौदा इंची लॅपटॉपचं झाकण साधारण बत्तीस सेंटीमीटर रुंद असतं. जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापायचे. वरचा ३२ बाय २० चा, बाजूचे दोन प्रत्येकी २० बाय २२ चे. तुमचा लॅपटॉप लहान-मोठा असेल तर आधी झाकण मोजून घ्या. तिन्ही तुकडे कापडी चिकटपट्टीनं असे जोडायचे, की घडी घालून पिशवीत सपाट बसतील. आतून काळं सुती अस्तर चिकटवायचं. सॅटिनचं चकचकीत अस्तर नको, ते स्वतःच चमकतं. ब्लाऊजपीसमधली काळी मखमल उरली असेल तर फारच छान, मखमलीइतका उजेड दुसरं कुठलंच कापड गिळत नाही. मागच्या बाजूला इलॅस्टिकची पट्टी शिवायची, म्हणजे टोपी झाकणावर घट्ट बसते. एक काळजी घ्यायची. लॅपटॉपची गरम हवा बहुधा बिजागरीजवळून किंवा बाजूच्या जाळीतून बाहेर पडते, ती वाट कापडानं झाकू नका.

या टोपीचा आणखी एक फायदा. शेजारचा वाकून बघू शकत नाही! माझ्या स्क्रीनवर गावातल्या बायकांची बचत असते, कर्ज असतं. कुणाचा हप्ता थकला हे गाडीभर कळायचं कारण नाही. बाजूनं न दिसणारी काळी फिल्म बाजारात मिळते, पण ती लावली की स्क्रीन आणखी मंद होते. उन्हात नेमकं ते नको असतं.

स्क्रीनची मांडणी

काही गोष्टी लॅपटॉपच्या आत करायच्या असतात. मुलाला, भाच्याला सांगा, पाच मिनिटांत करून देतील. स्वतः केल्या तर आणखी चांगलं.

हल्ली काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवायची पद्धत आलीय. रात्री ती डोळ्यांना बरी वाटते. उन्हात मात्र काळी स्क्रीन म्हणजे पक्का आरसा. बाहेर पांढऱ्यावर काळी अक्षरंच ठेवा. अक्षर मोठं आणि ठळक करा, सगळं दीडशे टक्के करून बघा. माऊसचा बाणही मोठा करता येतो. एक्सेलमधले फिकट पिवळे, फिकट गुलाबी रकाने उन्हात सगळे पांढरेच दिसतात. ते गडद करा, नाहीतर रंग काढूनच टाका.

चार्जर काढला की बरेच लॅपटॉप बॅटरी वाचवायला आपणहून उजेड कमी करतात. ते सेटिंग बदलून ठेवा, आणि काम झालं की पुन्हा पहिल्यासारखं करा.

गॉगल घालणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘पोलराइज्ड’ गॉगलमधून लॅपटॉपची स्क्रीन काही कोनांतून एकदम काळीठिक्कर दिसते. स्क्रीन बिघडली असं वाटून घाबरू नका. तिच्यातून येणारा उजेड एका ठरावीक दिशेनं कंप पावणारा असतो आणि त्या गॉगलची काच नेमका तोच अडवते. मान जराशी तिरपी करा, दिसायला लागेल. गॉगल काढलात तर प्रश्नच मिटला.

साडीसारखा लॅपटॉप निवडा

साडीचा रंग आपण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवत नाही. ‘जरा दारात नेऊन बघते हं,’ म्हणून उजेडात नेतो. लॅपटॉपही तसाच घ्यायचा. दुकानदार रॅम सांगेल, प्रोसेसर सांगेल. तुम्ही विचारा, ‘स्क्रीन किती निटची?’ चारशेच्या पुढची मिळाली तर बघा. मग तो दारात नेऊन उघडा. चकचकीत काच सुंदर दिसते, पण तिच्यात सगळा बाजार दिसतो. खरबरीत, म्हणजे मॅट स्क्रीन प्रतिबिंब पसरवून टाकते. थेट ऊन पडलं तर तीही दुधाळ होते, पण सावलीतल्या उजेडात ती पुष्कळ सुसह्य.

उन्हात उजळणारी स्क्रीन बनवताच येत नाही का? येते. तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जगभरातल्या गरीब मुलांसाठी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ नावाचा हिरवा-पांढरा छोटासा लॅपटॉप निघाला होता. ही मुलं झाडाखाली, अंगणात शिकणार, हे धरून त्याची साडेसात इंची स्क्रीन मेरी लू जेप्सन या बाईंनी मुद्दाम वेगळी घडवली. तिच्यात आत उजेड परतवणारा थर होता. उन्हात मागचे दिवे बंद केले तरी बाहेरचं ऊनच आत जाऊन परत फिरायचं आणि काळी-पांढरी अक्षरं कागदासारखी स्पष्ट दिसायची. भारतातल्या त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत झाला. पुढे जेप्सनबाईंनी २००८ मध्ये अशा स्क्रीनसाठी स्वतःची कंपनी काढली, पण मोठ्या बाजारात ती चाल रुजली नाही. लोकांना घरात भडक रंग हवे होते. शेतात, एसटीत, वडापमध्ये बसून काम करणाऱ्यांचा विचार लॅपटॉप बनवणाऱ्यांनी फारसा केला नाही, असं मला राहून राहून वाटतं.

उन्हाळ्यात जरा जपून

आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं लिहिलेलं असतं. म्हणजे आमचा निम्मा उन्हाळा त्या माहितीपत्रकाच्या बाहेरचा! सकाळी दहाच्या आत काय ते काम उरकायचं.

त्याहून वाईट उभी गाडी. बंद मोटारीत ऊन आत शिरतं आणि उष्णता बाहेर पडत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाभरात आतलं तापमान सरासरी बावीस अंशांनी चढलेलं आढळलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच. आपल्या चाळीसमध्ये हे मिळवून बघा. ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून लॅपटॉप गाडीत ठेवून जाऊ नका. बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि फार तापलेल्या स्क्रीनवर काळसर डागही दिसतात. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर क्षणभरही बंद गाडीत ठेवायचं नाही. लॅपटॉप तापला असेल तर सावलीत निवू द्या, मगच चार्जिंगला लावा. फ्रीजमध्ये ठेवायचा विचार मनात आणू नका!

आता आपलं शरीर. चालत्या गाडीत स्क्रीनकडे बघितलं की अनेकींना गाडी लागते. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय. दोघांची भांडणं, आणि मळमळ आपल्याला. सरळ रस्त्यावरच काम करा. वळणं, खड्डे, गावातली गर्दी आली की झाकण लावा. पुढच्या भागात, चाकांपासून लांब बसा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, हा डोळ्यांचा नेहमीचा नियम. गाडीत मी तो आणखी लवकर पाळते. पापण्याही मुद्दाम मिटायच्या, कारण स्क्रीनकडे बघताना आपण नेहमीपेक्षा कमी मिटतो. आलेपाकाची वडी जवळ असू द्या.

मोटारीत एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप उघडू नका. जोरात ब्रेक लागला तर तो अंगावर येतो. आणि गाडी तुम्ही चालवत असाल तर स्क्रीनकडे बघायचंच नाही, हे सांगायला नको.

आकडा सावलीत

माझ्या कामात एक नियम मी कधी मोडत नाही. उन्हात शब्द लिहायचे, आकडे नाही. शब्दातलं एक अक्षर चुकलं तरी अर्थ कळतो, पण धुरकट स्क्रीनवर तीन आणि आठ सारखेच दिसतात. तीनशेचे आठशे झाले तर एखादीचा महिना विस्कटतो. प्रवासात मी बैठकीचं इतिवृत्त लिहिते, पत्रांचे मसुदे करते. आकडे आधी वहीत पेनानं, कारण वही उन्हात उलट जास्त छान दिसते, आणि लॅपटॉपवर चढवायचे ते छताखाली बसून.

हा नियम एका आक्कांमुळे पक्का झाला. मंगळवेढ्याकडच्या एका गावात गटाची बैठक संपली होती, वडाप निघायच्या बेतात होता. त्यांना आपली शिल्लक जाणून घ्यायची होती. मी पिशवीला हात घातला, तशा त्या म्हणाल्या, ‘हितं उन्हात नको उघडू ताई. ओसरीवर ये, मग सांग. गाडी दुसरी यील. पैसा माझा हाय.’ शेळीच्या पैशातून टाकलेले हप्ते होते ते. आम्ही ओसरीवर बसलो, मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. दोन वर्षांपूर्वी गटातच त्या अंक शिकल्या होत्या. तो वडाप गेला. पुढचा पाऊण तासानं आला, त्या वेळात इतर तिघींनीही आपापले आकडे वाचून घेतले.

शेवटी एक सांगायचंय, तुम्ही नोकरी करत असाल तर खास तुम्हाला. प्रवासात केलेलं काम आपण धरतच नाही. घरच्यांना वाटतं ही गाडीत बसून होती, ऑफिसला वाटतं ही रस्त्यात होती. मी रोजच्या अहवालात आता एक ओळ लिहिते: ‘प्रवासात केलेलं काम, ४० मिनिटं.’ पहिल्यांदा साहेब हसले. तिसऱ्या महिन्यात बाकीच्या दोघी सहकारी तशीच ओळ लिहू लागल्या आणि गावभेटीच्या दिवशी तासभर आधी निघायची परवानगी मिळाली. काम कागदावर आलं की ते दिसायला लागतं.

आणि दोन तासांतला प्रत्येक मिनिट कामाला जुंपायलाच हवा, असंही नाही. आमच्या रस्त्यावर जिथे ऊन अगदी तोंडावर येतं, तिथे मी लॅपटॉप बंद करते. कधी लेकीला फोन लावते, कधी काहीच करत नाही. बाहेर ज्वारीची रानं, डाळिंबाच्या बागा, ऊस वाहणारे ट्रॅक्टर जात असतात. घरात आणि ऑफिसात कुणी आपल्याला नुसतं बसू देत नाही. खिडकीतून बाहेर बघायचा हक्कही आपण तिकिटाबरोबर घेतलेला असतो, मैत्रिणींनो!